उडतोय, पण जरा तिरका!

एक अंदाज बांधू? तुमच्या फ्लॅटच्या लॉफ्टवर, जुन्या लॅपटॉप बॅगेच्या आणि एकदाच वापरलेल्या ट्रेकिंग शूजच्या मधोमध एक छोटा ड्रोन पडून आहे. पहिल्या बोनसमधून घेतलेला, नाहीतर ऑनसाइटहून परतलेल्या भावाने आणलेला. पहिल्या वीकेंडला लोणावळा, दुसऱ्याला मुळशी, तिसऱ्याला झाड. मग तो ‘उडतो रे, पण जरा तिरका उडतो’ या कॅटेगरीत गेला आणि तिथून थेट लॉफ्टवर.

माझ्या ओळखीत असे सात ड्रोन आहेत. मोजलेत मी. सातपैकी पाचांचं दुखणं मोटर आणि प्रॉपेलर या दोनच गोष्टींत निघालं. पण मालकांना विचाराल तर उत्तर एकच, ‘सॉफ्टवेअरचा लोचा आहे.’ त्यात मालक आयटीतला असेल तर संपलंच. तो आधी फर्मवेअर अपडेट करणार, मग फॅक्टरी रीसेट, मग कंपास कॅलिब्रेट करायला गच्चीवर ड्रोन हातात धरून गोल गोल फिरणार. समोरच्या बिल्डिंगमधल्या आज्जींना वाटणार, मुलाला कामाचा ताण झालाय. आणि एवढं करून प्रॉपेलरकडे बघणार नाही तो नाहीच!

तर बॉस, आजचा फंडा सोपा आहे. कॅमेरा, जीपीएस, अ‍ॅप हे सगळं बाजूला ठेवा. ड्रोन म्हणजे चार पंखे. त्याला ना विमानासारखे पंख, ना शेपूट. वर जाणं, पुढे सरकणं, वळणं, वाऱ्यात एका जागी थांबणं, सगळं काही त्या चार पंख्यांचा वेग कमीजास्त करून होतं. म्हणून एक पंखा जरी जरासा आजारी पडला, तरी अख्ख्या ड्रोनचा मूड जातो. वर गणित असं, की पंख्याचा उचलण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग १० टक्क्यांनी पडला, की जोर १९ टक्क्यांनी पडतो. दहावीतलं बीजगणित कुठे उपयोगी पडतं, असं विचारणाऱ्यांसाठी ही माहिती.

मास कॉममध्ये आम्हाला कॅमेरा शिकवला, मोटर नाही. मोटर मी शिकले ती पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांवर एक फीचर करत होते आणि त्यातल्या निम्म्यांचे ड्रोन एकाच काकांच्या टेबलावर दुरुस्तीला आलेले. मी मुलाखतीला गेले आणि चार दिवस तिथेच बसले. फीचर ठीकठाक झालं, पण ते टेबल लक्षात राहिलं.

काकांचं पहिलं तत्त्व मला भारी आवडलं. ड्रोनची एक मोटर बिघडली, तर तुलनेसाठी तीन चांगल्या मोटर्स तुमच्या हातातच आहेत! स्कूटर बिघडली तर शेजारी दुसरी स्कूटर उभी करावी लागते, इथे सगळी सोय बिल्ट-इन. बॅटरी काढायची आणि चारही प्रॉपेलर एकामागून एक बोटाने हळू फिरवायचे. घाई नाही. तीन सारखे लागतील, एक वेगळा लागेल. कुठे खरखर, कुठे अडकल्यासारखं, कुठे उगाच सैल. ब्रशलेस मोटर फिरवताना चुंबकांमुळे बोटाला बारीक टप्पे जाणवतात, ते नॉर्मल आहे. टप्पे सारखे असले पाहिजेत, एवढंच.

आता जरा दिशेचं बोलू, कारण सर्वात जास्त ड्रोन इथेच उलटे पडतात. चारपैकी दोन मोटर्स घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि दोन उलट. कर्णावरच्या दोघींची दिशा एक, म्हणजे पुढची उजवी आणि मागची डावी एका टीममध्ये, उरलेल्या दोघी दुसऱ्या टीममध्ये. हे का? तर सगळे पंखे एकाच दिशेने फिरले असते, तर ड्रोनची बॉडी उलट्या दिशेने गरगरत राहिली असती. दोन्ही टीम्स एकमेकींचा पीळ काढून टाकतात. पण मग प्रॉपेलरही दोन प्रकारचे लागतात, आणि लांबून दोन्ही अगदी सारखे दिसतात. चुकीच्या मोटरवर चुकीचा प्रॉपेलर लावलात, की तो हवा खाली ढकलायची सोडून वर ढकलतो. तो कोपरा जमिनीकडे दाबला जातो, बाकीचे तीन वर उठतात आणि टेकऑफच्या पहिल्याच सेकंदाला ड्रोन कोलांटी मारतो. चारही चुकले तर आणखी मजा. नुसती घरघर होते, पाचोळा उडतो, ड्रोन जागचा हलत नाही. मालक म्हणतो, मोटर कमजोर झाली. मोटर बिचारी व्यवस्थित असते.

कंपन्या खुणा देतात, बघायच्या असतात. २०१९ साली आलेल्या डीजेआय मॅव्हिक मिनीचंच उदाहरण घ्या. खूण असलेली पाती खूण असलेल्या आर्मवर, बिनखुणेची बिनखुणेच्या आर्मवर, आणि एका मोटरवरची दोन्ही पाती एकाच प्रकारची. केजीच्या वर्कबुकमधल्या जोड्या जुळवा इतकं सोपं. तरीही चुकतं, कारण हे काम आपण हॉटेलच्या रूमवर रात्री दीड वाजता करतो.

ड्रोन स्वतःहून एका बाजूला सरकतो, ही नंबर वन तक्रार. यासाठी एक टेस्ट आहे आणि ती फुकट आहे. बंद खोलीत किंवा वारा नसताना ड्रोन छातीच्या उंचीवर थांबवा आणि कुठे सरकतो ते बघा. समजा खिडकीकडे सरकला. आता ड्रोन ९० अंशात वळवा आणि पुन्हा बघा. अजूनही खिडकीकडेच जातोय? मग दोष हवेचा, कुठेतरी एसी नाहीतर पंखा चालू असेल. सरकण्याची दिशा ड्रोनबरोबर फिरली, तर दोष ड्रोनमध्ये. आणि तो ज्या कोपऱ्याकडे झुकतो, त्याच कोपऱ्यातल्या मोटरवर किंवा प्रॉपेलरवर पहिला संशय घ्यायचा. सरकत नाही पण जागच्या जागी हळूहळू वळतोय? मग एका टीमचा जोर कमी पडतोय, किंवा आपटल्यामुळे एखादा आर्म वाकून मोटर तिरकी झाली आहे. ही टेस्ट चार्ज्ड बॅटरीवरच करा हं. जुनी बॅटरी लोड आला की मान टाकते, आणि मग चारही मोटर्स आजारी असल्यासारखं वाटतं. बॅटरी फुगलेली असेल तर टेस्ट वगैरे काही नाही, ती बॅटरी रिटायर.

स्वस्तातले, तळहाताएवढे ड्रोन ही वेगळी जमात. २०१८ साली आलेला, ८० ग्रॅमचा रायझ टेलो हा त्यातला शहाणा मुलगा, पण मोटर्स त्याच जातीच्या, म्हणजे ब्रश असलेल्या. आतले बारीक ब्रश घासत घासत वीज पोचवतात आणि हळूहळू झिजून संपतात. म्हणजे ही मोटर बिघडत नाही, ती म्हातारी होते. चारपैकी एक आधी म्हातारी होते आणि तिचा आवाज बाकीच्यांपेक्षा खालच्या पट्टीत लागतो. कान तयार असेल तर लगेच कळतं. तिला तेल पाजू नका, तेलाने ब्रश आणखी बिघडतात. नवी मोटर घ्या, पण घेताना वायरचे रंग बघा. अशा मोटर्समध्ये साधारणपणे लाल-निळी जोडी एका दिशेची आणि काळी-पांढरी दुसऱ्या दिशेची असते. दुकानदाराला नुसतं ‘एक मोटर द्या’ म्हणालात तर पन्नास टक्के चान्स चुकीची मिळण्याचा.

महाग ड्रोनमधल्या ब्रशलेस मोटरला तीन वायर्स असतात. त्यातली एक जरी तुटली, तरी मोटर फिरायच्या ऐवजी थरथरते, थंडीत कुडकुडल्यासारखी. घडी घालायच्या ड्रोनमध्ये वायर्स आर्मच्या बिजागरीतून जातात, त्यामुळे हे होऊ शकतं. ड्रोन गवतात पडला आणि पाती अडकली असतील, तर स्टिक पुढे ढकलत बसू नका. अडकलेल्या मोटरला करंट जातच राहतो आणि ती किंवा तिला चालवणारं सर्किट जळतं. तुमच्या मॉडेलमध्ये मोटर तातडीने बंद कशी करायची, ते ड्रोन पडायच्या आधी पाठ करा. मॅन्युअलमधलं तेवढं एक पान वाचलंत तरी चालेल.

हे सगळं ज्ञान मला गेल्या हिवाळ्यात एकदम, एका दुपारीत वापरावं लागलं. रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या मावशीचं कौलारू घर आहे. होतं, म्हणजे. आजोबांनी, मावशीच्या सासऱ्यांनी, बांधलेलं. वाशांना वाळवी लागलेली, एका बाजूची भिंत पोट काढून उभी. सोमवारी ते पाडायला घेणार होते, म्हणून त्याआधीच्या शनिवारी-रविवारी सगळं गणगोत जमलं. मुंबई, ठाणे, पुणे, बडोदा. सव्वीस माणसं. माझा मावसभाऊ ठाण्याला बँकेत आहे, वय वर्षं चोवीस, आणि त्याच्याकडे एक छोटा, अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन आहे. ब्रँड सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. त्याच्या डोक्यात एक शॉट फिट बसलेला. खळ्यात सव्वीस माणसं वर बघून उभी, ड्रोन बरोब्बर डोक्यावर, आणि मग हळूहळू वर वर जात अख्खं कौलारू छप्पर, मागची पोफळीची बाग, पलीकडची खाडी. आयडिया सॉलिड होती. या घराचं छप्पर वरून कसं दिसतं, हे कौलं शाकारणारे सोडले तर कुणीच पाहिलं नव्हतं, आणि आता पाहायला एकच दिवस उरला होता.

शनिवारी दुपारी ट्रायल घेतली तर व्हिडिओ जेलीसारखा हलत होता. घराचे खांब पाण्यात बघितल्यासारखे वाकडे दिसत होते. हा कॅमेऱ्याचा दोष नसतो. सेन्सर चित्र एकदम न घेता ओळीओळीने वाचतो, आणि तेवढ्यात बॉडी थरथरली तर सरळ रेषा नागमोडी होतात. थरथरीचं मूळ बहुतेक वेळा पंख्यात. ड्रोन उतरवून बॅटरी काढली आणि एकेका मोटरला बोट लावून पाहिलं. तीन कोमट, मागची डावी चांगलीच तापलेली.

‘ताई, मोटर गेली,’ भाऊ म्हणाला. चेहरा पडलेला.

असं लगेच म्हणायचं नसतं. आधी बदलाबदली करायची. मागच्या डाव्या मोटरची पाती काढून त्याच टीमच्या, म्हणजे पुढच्या उजव्या मोटरवर लावायची आणि तिची इकडे. दोष पात्यांबरोबर गेला तर पाती वाईट, जागेवरच राहिला तर मोटर वाईट. डॉक्टर एक्स-रे काढायच्या आधी हात लावून बघतात, तसं हे. त्याआधी आम्ही भावाच्या फोनवर स्लो-मोशन लावून, पाच-सहा पावलं लांबून, जमिनीलगतच्या ड्रोनचा बाजूने व्हिडिओ घेतला. चांगला पंखा बाजूने बघितला की एकच पातळ रेघ दिसते. मागच्या डाव्याच्या दोन दिसत होत्या, एक वर, एक किंचित खाली. म्हणजे दोन पाती एका पातळीत फिरत नव्हती.

बदलाबदली केली. दोन रेघा पुढे उजवीकडे गेल्या. म्हणजे पाती वाईट, केस सॉल्व्ह्ड! पण खाली उतरवून हात लावला तर तापलेली मोटर मागची डावीच. दोष गेलाही होता आणि राहिलाही होता. तेव्हा उजेड पडला की आजार एक नव्हे, दोन आहेत आणि दोघांनी एकाच कोपऱ्यात बिऱ्हाड केलंय. हे काकांच्या टेबलावर मी पाहिलं होतं. पहिला दोष सापडला की माणूस खूश होऊन शोधायचं थांबवतो आणि दुसरा तसाच राहून जातो.

पात्यांचं कारण दोन मिनिटांत निघालं. नोव्हेंबरात ड्रोन झाडाला घासला, एक पातं तुटलं, भावाने तेवढंच बदललं. शेजारचं जुनं तसंच ठेवलं, पैसे वाचवायला. त्या जुन्या पात्याच्या मुळाशी एक बारीक पांढरी रेघ होती. प्लॅस्टिक वाकून परत सरळ झालं की अशी रेघ उमटते. अशा पात्याचं आयुष्य संपलेलं असतं, ते फक्त अजून तुटलेलं नसतं. घडीच्या प्रॉपेलरची पाती जोडीनेच बदलायची, आणि नव्या पात्यांबरोबर नवे स्क्रू आले असतील तर तेच वापरायचे. त्यांच्या आट्यांवर सैल होऊ नये म्हणून आधीच डिंकासारखा लेप दिलेला असतो आणि तो पहिल्यांदा आवळतानाच नीट काम करतो. फेविक्विकने पातं जोडणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. नशिबाने पाकिटात त्याच प्रकारचं एक नवं पातं उरलं होतं. ते लावलं, स्क्रू बेतानेच आवळले. पाती बिजागरीवर सैल हलली पाहिजेत, घट्ट बसली तर त्यानेही थरथर येते. व्हिडिओतली जेली गेली.

आता गरम मोटर. पाती काढून मोटरच्या डोक्याखाली टॉर्च मारला, आणि शाफ्टभोवती गुंडाळलेला एक केस दिसला. चिमट्याने सोडवत गेले तर संपेचना. हातभर लांब, टोकाला बर्गंडी रंग. आमच्या खानदानात कुणाचाही केस बर्गंडी नाही. मी भावाकडे पाहिलं. त्याने पोफळीच्या बागेकडे पाहिलं. मावशी चहा घेऊन येत होती, तेव्हा मी तो केस कागदात गुंडाळून खिशात टाकला. प्रत्येक फॉल्टचं निदान जाहीर करायची गरज नसते.

केस काढूनही बोटाला खरखर लागतच होती. बाकीच्या तीन मोटर्स लोण्यासारख्या, ही मात्र रवाळ. ‘बीचवर उडवलास का?’ विचारलं. गुरुवारी उडवला होता, वाळूवरून टेकऑफ, वाळूवरच लँडिंग. आता कोकणातल्यांनी इथे नीट लक्ष द्या. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटसारखी लोहाची खनिजं असतात. ब्रशलेस मोटरच्या आत जोरदार चुंबकांची कडी असते. बाकी काय सांगू? गोव्याची पांढरी वाळू निदान फुंकर मारली की थोडीफार उडते. ही काळी वाळू चुंबकाला चिकटून बसते आणि फुंकर मारली की आणखी आत जाते. त्यावर उपाय सेलोटेपचा. टेपची पातळ पट्टी करून चिकट बाजू चुंबकाच्या फटीत घालायची, हळू फिरवायची, काढायची, की काळे कण टेपवर येतात. आम्ही अकरा पट्ट्या वापरल्या. मामांनी शिलाई मशीनचं तेल आणून दिलं, पण मी नको म्हटलं. आत वाळू असताना तेल घातलं की तिची चांगली पॉलिश पेस्ट होते.

संध्याकाळी पुन्हा उडवला. मोटर आता बरीच थंड राहत होती. पण बाकी तिघींइतकी नाही. खरखरही होती, अगदी किंचित. बेअरिंगमध्ये कण गेले असणार, आणि ते टेपने निघत नाहीत.

खरा प्रश्न इथे सुरू झाला. भाऊ म्हणाला, ‘ताई, पाच मिनिटांचा तर शॉट आहे. पाच मिनिटं सहज टिकेल.’ त्याचं गणित चूक नव्हतं. बहुतेक टिकली असती. पण चार मोटर्सच्या ड्रोनची गंमत अशी, की त्याला तीन मोटर्सवर लंगडत घरी येता येत नाही. एक थांबली की तो कोपरा पडतो, बॉडी उलटते आणि जे काही असेल ते दगडासारखं सरळ खाली येतं. अडीचशे ग्रॅम म्हणजे भाजीवाल्याकडचा पावशेर. दहा मजल्यांच्या उंचीवरून पावशेर, आणि त्याला फिरणारी पाती. खाली सव्वीस डोकी, त्यातली चार पाच वर्षांखालची आणि दोन ऐंशीच्या वरची, सगळी वर बघणारी.

मावशीला मोटर, बेअरिंग यातलं काही सांगितलं नव्हतं. तिने फक्त विचारलं, ‘पडलं तर कुणावर पडेल रे ते?’

भाऊ काही बोलला नाही. सरकारी भाषेत सांगायचं, तर २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि तो उडवायला पायलटचं लायसन्स लागत नाही. लायसन्स लागत नाही म्हणून तो पडत नाही, असं मात्र नियमात लिहिलेलं नाही. कुणीतरी सुचवलं की पात्यांना गार्ड लावू. पण गार्डने बोटं वाचतात, डोकी नाही. आणि २४९ ग्रॅमच्या ड्रोनला गार्ड लावला की वजन अडीचशेच्या पुढे जातं, मग गटही बदलतो.

शेवटी ठरलं ते असं. घर उडवायचं, माणसं नाही. म्हणजे, घराचा शॉट ड्रोनने घ्यायचा. झोनचा नकाशा भावाने आधीच पाहिला होता. रविवारी सकाळी सातला, वारा पडलेला असताना, सगळ्यांना पडवीत बसवलं आणि मामांना पडवीच्या पायरीवर राखण ठेवलं. खळ्यात ताडपत्री अंथरली, चार कोपऱ्यांवर चार दगड. एक मिनिट कमरेच्या उंचीवर ड्रोन थांबवला, उतरवला, बॅटरी काढून मोटरला हात लावला. कोमट. मग एकदाच वर. खळ्यावरून सरळ वर, तिथून मागच्या बागेकडे, पडवीवर एकदाही नाही. साडेतीन मिनिटं. छप्पर वरून पाहिलं आणि कळलं, की मधल्या पाखीची कौलं बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाची आहेत. मावशी स्क्रीन बघत म्हणाली, ‘ती तुझ्या काकांच्या लग्नात बदललेली.’ हे आम्हा पोरांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

सव्वीस जणांचा फोटोही झाला. फणसाला बांबूची शिडी लावली, भाऊ फोन घेऊन वर चढला. फोटोत पंचवीस माणसं खळ्यात उभी आहेत. चोवीस वर बघतायत, आणि मावशी एकटी शिडीच्या पायाकडे, नीट धरली आहे ना ते बघत.

मोटर नंतर पुण्यात बदलली. बहुतेक छोट्या ड्रोनमध्ये नुसती मोटर मिळायची मारामार असते, आर्मसकट मिळते, आणि तिच्या तीन वायर्स आत बोर्डावर सोल्डर कराव्या लागतात. हे काम घरी करू नका, डायनिंग टेबलवर तर नकोच. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आणली, सुट्या भागांना मात्र सूट ठेवली. म्हणून लॅमिंग्टन रोडला आणि तापकीर गल्लीत स्पेअर्स विचारून बघायला हरकत नाही. फक्त मॉडेलचं पूर्ण नाव आणि कोणता आर्म, पुढचा की मागचा, डावा की उजवा, हे लिहून न्या. जुनी मोटर परत मागून घ्या आणि उघडून बघा. आमच्या मोटरच्या चुंबकांवर अकरा पट्ट्यांनंतरही काळी किनार होती, काजळ घातल्यासारखी. नवा आर्म बसल्यावर पहिलं उड्डाण पुन्हा गुडघ्याच्या उंचीवर, पुन्हा हात लावून, चारही मोटर्सना.

बर्गंडी केसाचं प्रकरण आता घरी कळलंय आणि मे महिन्यात साखरपुडा आहे. भावाने परवा फोन करून विचारलं, हॉलमध्ये ड्रोन चालेल का. मी विचारलं, हॉलला सीलिंग फॅन किती आहेत? म्हणाला, बारा. मी म्हटलं, शिडी आण.